डाव्या कानातला इअरफोन

मी रेणापूरच्या शाळेत शिकवते आणि लातूरला राहते. येण्याजाण्याचा बसमधला वेळ माझा एकटीचा असतो. त्या वेळात मला गझल लागते. शेजारच्या बाईचं सुनेपुराण नको असतं आणि मागच्या सीटवरच्या मोबाइलमधले विनोद तर त्याहून नको. म्हणून इअरफोन ही माझी चैन नव्हे, गरज आहे. फक्त तो स्वस्त हवा, कारण मी वस्तू हरवते. बिनवायरचे माझ्यासाठी नाहीत. एकदा घेतले होते, त्यातला एक पहिल्याच आठवड्यात सीटच्या फटीत गेला.

वायरचा पहिला जोड लातूरच्या गंजगोलाई बाजारातून घेतला. त्यात तबला असा धबधब वाजायचा, की गाणारा शेजारच्या गल्लीत उभा आहे असं वाटावं. तरी वापरला. तीनेक आठवड्यांत डाव्या बाजूचा आवाज बसला. स्वस्त माल म्हणून दोन शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दुकानातून दुसरा घेतला. त्याचाही डावा बसला. तिसऱ्या वेळी हात सैल सोडला, दुकानदाराला चार प्रश्न विचारले, रबराच्या टोप्या लहान-मोठ्या लावून पाहिल्या. महिन्याभरात त्याचाही डावाच.

तीन दुकानं, तीन जोड आणि तिन्हींचा डावाच कमी. त्या दिवशी बसमध्ये माझ्या लक्षात आलं. वस्तू बिघडत नव्हती, माझा कान जात होता.

घाबरायला कारण होतं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, उभा जन्म डाळमिलमध्ये राबले. त्यांचाही आधी डावाच कान गेला, मग उजवा. आता ते आईबरोबर मुरुडला असतात. घरात सगळे हसले की ते क्षणभर उशिरा हसतात. आमचे चेहरे बघून हसतात, हे मला माहीत आहे. आम्ही त्यांच्याशी ओरडून बोलतो आणि ओरडून बोलायला फार काही उरत नाही, म्हणून कमीच बोलतो. जेवलात का, गोळी घेतली का, संपलं. माझंही असंच होणार, ही भीती मी कुणाला सांगितली नाही. वर्गात मागच्या बाकावरून कुणी कुजबुजलं की मुद्दाम दोनदा विचारायचे, कोण बोललं? पोरांना वाटायचं बाई कडक झाल्या.

आईला मात्र बोलून गेले. रविवारी मुरुडला गेले की ती माझ्या डोक्याला तेल लावते आणि लसूण घालून कोमट केलेलं तेल पळीनं आधी डाव्या कानात भरपूर आणि मग उरेल ते उजव्यात सोडते. हे लहानपणापासूनचं आहे. डाव्या कानानं कमी येतंय म्हटल्यावर ती म्हणाली, "कान वाळलाय तुझा. तेल कमी पडायलंय." तेव्हापासून डाव्या कानाला जास्तीची पळी सुरू झाली. अण्णा बाजूच्या खाटेवर तेलाची आपली पाळी येईपर्यंत बसून असायचे. आम्ही काय बोलतोय ते त्यांना कळत नव्हतं.

शेवटी नांदेडच्या कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. लातूरच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की संध्याकाळपर्यंत शाळेतल्या पोरांच्या पालकांना खबर जाते, म्हणून नांदेड. घरी सांगितलं, भावाकडे जाऊन येते. नंबर दुपारचा होता आणि मी सकाळीच पोचले. जवळच मोबाइलच्या सामानाचं दुकान दिसलं. मनात आलं, एक चांगला जोड लावून बघावा. त्यातही डावा कमी आला तर मग डॉक्टर काय ते सांगतीलच.

दुकान एक बाई चालवत होत्या, माझ्याच वयाच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी म्हटलं, आवाज स्वच्छ हवा, ढोलताशा नको. त्यांनी जुना दाखवा म्हटलं. मी पर्समधून काढून दिला आणि का कोण जाणे, जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते त्या परक्या बाईला सांगून मोकळी झाले.

त्यांनी माझा फोन मागितला, गाणं लावलं आणि म्हणाल्या, डावा उजव्या कानात घाला, उजवा डाव्यात.

मी घातले. उजव्या कानात गाणं एकदम दूर गेलं. आणि डाव्या कानात, त्याच माझ्या मेल्या डाव्या कानात, सारंगी लख्ख वाजू लागली.

इतक्या महिन्यांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी शिक्षिका पडले. ज्याच्यावर डावा लिहिलंय तो डाव्याच कानात जायचा, त्यात अदलाबदल कसली?

बाईंनी डावा इअरफोन डोळ्याजवळ नेला, रबराची टोपी काढली आणि आतली बारीक जाळी टाचणीनं हलकेच खरवडली. पिवळट, चिकट थर निघाला. त्यांनी तो हुंगलासुद्धा.

"ताई, कानात तेल टाकता काय तुमी?"

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू. दुकानात उभी राहून डोळे पुसले. जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. बाईंनी पाणी दिलं आणि मग शांतपणे चार जोड समोर ठेवले. आवाज हवा तर भारी घेऊ नका, म्हणाल्या, टोपी कानाला नीट बसणारा घ्या. मी सगळ्यात लहान टोपीचा, साध्या काळ्या वायरचा घेतला. तो चारांत सर्वांत स्वस्त होता, हेही सांगायला हवं.

नंबर लावलेला होता म्हणून डॉक्टरांकडेही गेले. त्यांनी तपासलं, कान ठणठणीत आहेत म्हणाले आणि तेलावरून चांगलं झापलं. तेलानं मळ फुगून घट्ट बसतो, माणसाला वाटतं बहिरेपण आलं. हे ऐकताना माझ्यासमोर खाटेवर पाळीची वाट बघणारे अण्णा आले. त्यांना आम्ही कधी कुठल्या डॉक्टरला दाखवलंच नव्हतं. मिलनं कान नेले, आता काय दाखवायचं, असं ते म्हणायचे आणि आम्ही मान डोलवायचो. स्वतःचा कान वाचल्याचा आनंद तिथल्या तिथे अर्धा झाला.

पुढच्याच आठवड्यात त्यांना घेऊन नांदेड गाठलं. डॉक्टरांनी दोन्ही कानांतून मळाचे खडे काढले. मिलनं नेलेलं परत येणार नाही, पण बाकीचं इतकी वर्षं नुसतं अडून बसलं होतं, असं ते म्हणाले. अण्णा खुर्चीवरून उठले, टोपी घातली.

बाहेर आम्ही ऑटोत बसलो. मी सवयीनं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, चहा घेणार का? ऑटोवाल्यानं दचकून मागे बघितलं.

अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"वरडू नको की माय," ते म्हणाले. "सावकाश बोल. लई दिवस झाले आपण बोललो न्हाई."