टाकीला विचारणारा

महाडच्या सांडपाणी प्रकल्पाच्या जुन्या टाकीत दोन मजूर कोसळले होते आणि माझा मुलगा त्यांना काढायला शिडी उतरत होता. तिथल्या ऑपरेटरने कॉलर धरून त्याला वर ओढलं.

हा माणूस रोज झाकण उघडलं की आत वाकून विचारायचा, “येऊ का गो?” मग कान देऊन थांबायचा. प्रकल्प वाढवायला आलेले मजूर हसायचे, “सासुरवाडीला आलास काय रे?”

त्या दिवशीही मुलाला धरून ठेवत त्याने टाकीत वाकून विचारलं. “नको म्हणते,” तो म्हणाला.

“सोड! माणसं हायत खाली!” मुलगा ओरडला. ऑपरेटर त्याच्या छातीवरच बसला.

मी मुलाचा डबा घेऊन तिथेच उभी होते. त्याने विचारल्यावर टाकीतून “नको” आलं; त्याचाच आवाज घुमला असेल. पण मला ऐकू आला तो बाईचा.

दोघे मजूर गेले. माझा मुलगा जगला.