पंधराच्या जागी तीस

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिन्याजवळच्या खांबाला लागून, माझी गाडी दोन महिने उभी आहे. तिच्या स्टिअरिंगला मी कंपनीतून आणलेला लाल टॅग बांधलाय. 'चालू करू नका. काम सुरू आहे.' काम काही सुरू नाही. पण कंपनीत नियम असा की ज्याने टॅग लावला त्यानेच तो काढायचा, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, साहेबानेसुद्धा नाही. आणि मला तो काढायचा नाही. शेजारी विचारतात, "विकून का नाही टाकत?" मी म्हणतो, बघू. हल्ली बहुतेक प्रश्नांना मी 'बघू' म्हणतो. दमलेल्या माणसाला हा शब्द फार सोयीचा पडतो.

मी मोरिवलीच्या बाजूला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला आहे. नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षं उरलीत. इतक्या वर्षांत काय कमावलं ते सोडा, पण फ्यूजच्या जागी तार घालणाऱ्यांना माझ्याइतकं कुणी झापलं नसेल. नवा वायरमन आला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच धडा देतो. फ्यूज म्हणजे मुद्दाम कच्चा ठेवलेला तुकडा. कुठे काही बिघडलं की आधी तो जळतो, म्हणून वायर वाचते आणि वायर वाचते म्हणून माणूस वाचतो. तो उडाला म्हणून वैतागू नका, का उडाला ते शोधा. हे मी इतक्या वेळा बोललोय की लोक माझ्या मागे माझी नक्कल करतात. करू देत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, हे त्यांना अजून कुठे माहीत आहे.

आधी आईचं सांगायला हवं, कारण गाडी तिच्यासाठीच चालत होती.

आईला विसरायचा आजार आहे. दुपारी चार वाजले की ती पिशवी भरते. एक टॉवेल, कंगवा, आणि रिकामा स्टीलचा डबा. मग दारात येऊन उभी राहते. "मला घरी सोडा. अंधार पडायच्या आत पोचायला हवं." घर म्हणजे कुठलं, हे तिला सांगता येत नाही. ती उभी असते ते बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातलं तिचंच घर, हे तिला पटत नाही. सुरुवातीला आम्ही समजावलं. मग भांडलो. भांडून तिचं रडणं वाढलं आणि माझं ब्लडप्रेशर. एकदा ती कुणाचं लक्ष नाही असं बघून खाली उतरली आणि वॉचमनने तिला कोपऱ्यावरून धरून आणलं.

तोडगा बायकोने काढला. "अहो, त्यांना गाडीत घाला, एक चक्कर मारा आणि परत घेऊन या. घरी आणलं की झालं ना?" मला हसू आलं होतं. पण माझी पहिली पाळी तीनला सुटते, साडेतीनला मी घरी असतो, म्हणून करून बघितलं. पूल ओलांडून पूर्वेला जायचं, अंबरनाथच्या रस्त्याला लागायचं, मोरिवलीपर्यंत. तिथे आम्ही पूर्वी भाड्याच्या खोलीत राहायचो. नाक्यावर गाडी वळवायची आणि परत. सोसायटीचं फाटक दिसलं की आई म्हणायची, "आलं बाई एकदाचं घर." मग वर येऊन शांतपणे चहा प्यायची. ज्या घरातून तासाभरापूर्वी निघालो त्याच घरात.

म्हणजे आठ तास मोरिवलीत राबून यायचं आणि पुन्हा मोरिवलीलाच जायचं. रोज. रविवारीसुद्धा, कारण तिला रविवार कळत नाही. मला त्या चकरेचा कंटाळा यायचा, आणि खरं सांगायचं तर कधी कधी आईचाही. असं लिहायला बरं वाटत नाही, पण यायचा.

एकदा पुलावर, गाडी चालू असताना, तिने मागचं दार उघडलं. "मी इथेच उतरते" म्हणाली. मी ब्रेक मारला, मागच्याने शिव्या घातल्या, नशीब म्हणून निभावलं. त्याच दिवशी मी मागच्या दोन्ही दारांचा चाइल्ड लॉक लावला. दाराच्या कडेला एक बारीकसा खटका असतो, तो सरकवला की आतलं हँडल कितीही ओढा, दार उघडत नाही. बाहेरूनच उघडतं. मग ती काच खाली करून कंगवा, चपला बाहेर टाकायला लागली. मागच्या काचा हाताने फिरवायच्या होत्या, त्यांचे दांडे मी काढून ठेवले.

तरी ती हँडल खडखडवत राहायची. तो आवाज डोक्यात जायचा. मग मी लिमलेटच्या गोळ्या आणल्या. "आई, दाराला हात नाही लावायचा." लावला नाही तर घरी पोचल्यावर एक गोळी आणि "शहाणी गं माझी आई." बायकोला हे आवडलं नव्हतं. "लहान मूल आहेत का त्या?" ती म्हणाली. मी म्हणालो, मग तू चालव गाडी. तीन-चार महिने लागले, पण आई शिकली. नंतर ती दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर ठेवून बसायची. जिला माझं नाव आठवत नाही ती हे शिकली, याचा मला तेव्हा चक्क अभिमान वाटला होता.

गाडी सोळा वर्षांची. मागच्या पावसाळ्यापासून तिच्या वायरिंगने असहकार पुकारला. वायपर लावला की हॉर्न बारीक कण्हायचा. पुढच्या काचा बटणाच्या, त्या मनात आलं तर उतरायच्या. सगळ्यात वाईट सेंट्रल लॉक. सिग्नलला उभे असलो की चारही दारं आपोआप खट करून बंद व्हायची. मग त्या लाइनचा फ्यूज उडायला लागला. पंधरा अँपिअरचा घातला की दोन दिवसांत उडायचा.

गाडी मी उल्हासनगरला नेली. तिथे एक म्हातारा सिंधी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, दुकान एवढंसं, पण माणूस जाणता. त्याने डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. बाहेर आला तेव्हा तोंड वाकडं केलेलं.

"साईं, अंदर का वायर गल गया है. पुरा खोलके बदलना पडेगा. चार दिन गाडी इधर सोडा."

"चार दिवस नाही जमणार," मी म्हणालो. "आईला रोज न्यावं लागतं. तात्पुरतं काही करा. तीसचा फ्यूज टाका, म्हणजे लवकर उडणार नाही."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्ही तो खुद कंपनी में लाइट का काम करता ना?"

मी शर्टाच्या खिशावरचं कंपनीचं नाव हाताने झाकलं.

"मैं नाही डालेगा," तो म्हणाला आणि हात पुसायला लागला.

मला राग आला. तो बरोबर होता म्हणूनच जास्त आला. चार दिवस म्हणजे चार संध्याकाळी दारात उभी असलेली आई, हे त्याला कुठे ठाऊक होतं? रिक्षाने नेता आलं असतं, असं आज सुचतं. तेव्हा वाटायचं, उघड्या रिक्षातून ही उडी मारेल. घरी आलो, फ्यूजचं पाकीट काढलं, पंधराचा निळा काढून तीसचा हिरवा बसवला. मिनिटभराचं काम. लॉक वागायला लागलं आणि मी स्वतःला सांगितलं, दिवाळीच्या सुट्टीत बायको घरी असेल, तेव्हा करून घेऊ.

त्यानंतर आठवडाभर आई गाडीत बसली की म्हणायची, "भात लागलाय बघ." मी हूं म्हणायचो. "अरे, खालून लागलाय, गॅस बारीक कर." मी म्हणायचो, केला आई. तिच्या बोलण्याला हो म्हणण्याची सवयच झाली होती. जळक्या वायरीचा वास ओळखायचा मी पगार घेतो, आणि तो वास आधी आईला आला.

त्या दिवशी मोरिवलीहून परत येत होतो. बदलापूरच्या अलीकडे डॅशबोर्डखालून धूर आला. आधी धागा, मग भसाभसा. मी गाडी कडेला घेतली, किल्ली बंद केली, बॉनेटचा खटका ओढला आणि बॅटरी सोडवायला खाली उतरलो. मागून डंपर येत होता म्हणून दार लोटून बंद केलं. बॉनेटला हात घालतोय तेवढ्यात आवाज आला. खट.

चारही दारं बंद. किल्ली आत. लॉकची लाइन थेट बॅटरीवर असते, किल्ली बंद असली तरी ती जिवंत. बॅटरीचा नट सोडवायचा पाना डिकीत, डिकीला कुलूप. आणि मागच्या सीटवर, डावीकडे, आई.

मी तिच्या काचेवर थापा मारल्या. "आई, तो खटका वर ओढ! काचेजवळचा, तो बघ, वर ओढ!" ती माझ्याकडे बघत होती. तिच्यापुढे धूर साचत होता, ती खोकत होती. तिने मान हलवली. नाही. आणि दोन्ही हात पिशवीखाली सरकवले.

मी ओरडत राहिलो. माझा आवाज फाटला.

पलीकडे रस्त्याच्या कडेला बारवी धरणाकडच्या वाडीवरची एक बाई काकड्या घेऊन बसली होती. तिने खाली अंथरलेल्या प्लास्टिकच्या कोपऱ्यावरचा दगड उचलला आणि धावत आली. "काय बघतोस दादा, फोड ना! म्हातारी गुदमरेल!"

मी ड्रायव्हरच्या बाजूची काच फोडली. दुसऱ्या घावाला फुटली. हात घालून दार उघडलं, दोन सीटच्या मधून मागे पडलो आणि आईच्या दाराचा खटका वर ओढला. ओढला की खट, परत खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. मी लावलेला तीसचा फ्यूज इमानेइतबारे शाबूत होता आणि लॉकला करंट पुरवत होता. शेवटी मी खटका बोटांनी वर धरून ठेवला आणि ओरडलो, "ताई, बाहेरून ओढा!" तिने एका हिसड्यात दार उघडलं, आईच्या बगलेत हात घालून तिला बाहेर काढलं आणि आपल्या काकड्यांशेजारी सावलीत बसवलं.

भडका वगैरे उडाला नाही. थोड्या वेळाने धूर आपोआप थांबला. वायर जळून तुटली होती. फ्यूजने करायचं काम शेवटी वायरीने केलं. बाईने आईला पाणी पाजलं, एक काकडी हातात दिली, मग माझ्या हातातून तिचा दगड मागून घेतला. वारा सुटला होता, प्लास्टिक उडत होतं. मला तिचे पाय धरावेसे वाटले. तिने मला वेळच दिला नाही. "गाडी बाजूला घे दादा, गिऱ्हाईक थांबत नाय," म्हणाली.

गाडी दुसऱ्या दिवशी टोइंगवाल्याने आणून टाकली, तिथेच ती आहे. आता चार वाजता आम्ही रिक्षाने जातो. रिक्षाला दार नसतं. मी आईचं मनगट धरून बसतो आणि ती आजवर एकदाही उतरायला उठलेली नाही. म्हणजे ते चार दिवसही सहज निघाले असते.

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच रिक्षाने घरी येत होतो. आईचा घसा बसला होता, नाकाखाली काळं झालं होतं, केसांत काचेचे बारीक कण. मी ते वेचत होतो. पूल चढताना ती माझ्याकडे वळली.

"मी दाराला हात नाही लावला हं," ती म्हणाली. "तू केवढा ओरडलास, तरी नाही लावला."

आणि तिने तळहात पुढे केला.

मी खिशात हात घातला. गोळी होती. "शहाणी गं माझी आई," मी म्हणालो आणि ती तिच्या हातावर ठेवली.