मजल्यावरचे कान

आमची ही रात्री कामाला जाते हे चारचौघांत सांगायची मला बरीच वर्षं लाज वाटायची. कुणी विचारलं तर "शाळेत आहे" एवढंच सांगून मी मोकळा व्हायचो. रात्रीची कसली शाळा, असं विचारायला समोरचा तोंड उघडायच्या आत मी त्याच्या मशीनचं काय बिघडलंय तिकडे गाडी वळवायचो. मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार.

ही कर्णबधिर मुलींच्या शाळेच्या वसतिगृहात होती. कागदावर तिचं पद 'निवासी समुपदेशक' असं चांगलं भारदस्त. मला मात्र वाटायचं, मुली झोपल्या की हिचंही काम झोपलं, रात्रपाळीत करायचं असतं काय? तसं एकदा बोलून दाखवलं आणि दोन दिवस अबोला सोसला. तिसऱ्या दिवशी तिने मला समोर बसवून शहाणं केलं. एका खोलीत आठ-दहा मुली झोपतात. त्यातली एखादी रात्री रडायला लागली तर शेजारच्या खाटेवरची उठत नाही, कारण तिला ऐकूच येत नाही. ताप चढू दे, पोट दुखू दे, घरची आठवण येऊ दे, पोरीने गळा फाडला तरी बाकीच्या गाढ झोपेत.

"अख्ख्या मजल्यावर कान काय ते माझे," ती म्हणाली. "म्हणून मला ठेवलंय. गोड बोलते म्हणून नाही."

गोड बोलते हे मला नवीनच होतं.

तिथलं आणखी एक ती सांगायची. दहा वाजता दिवे घालवायचा नियम होता. पण हाताने बोलणाऱ्या माणसाचा दिवा घालवणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणं. दोघींचं भांडण अर्ध्यावर असताना दिवा गेला तर त्या रात्रभर कुढत पडतात. म्हणून ही बाहेरच्या बोळातला दिवा भांडण मिटेपर्यंत चालू ठेवायची आणि त्यावरून मोठ्या बाईंची, म्हणजे वसतिगृहाच्या प्रमुखांची, बोलणी खायची. उठवताना खांद्यावर दोन बोटं हळूच टेकवायची, कधी कुणाला मागून हात लावायची नाही. मुलींनी तिचं नावच तसं पाडलं होतं. खांद्यावर दोन बोटं टेकवली की ती म्हणजे ही. ती हातांची भाषा तिला पाण्यासारखी येते. मला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. तिच्या नोकरीची भाषा, मी कशाला शिकू? तिला कुठे माझ्या मशीनचे स्क्रू पिळता येतात?

सकाळी ती घरी यायची, दोघांचा चहा करायची आणि दुपारपर्यंत झोपायची. मी साधा खोकलो तरी भिंतीपलीकडून "अहो, जरा दम धरा" असा आवाज यायचा. हातोडी तर दुपारी जेवण झाल्याशिवाय मी उचलत नसे. आणि एके दिवशी माझ्या हातून एका जुन्या मशीनचं अख्खं लोखंडी डोकं निसटलं आणि फरशीवर आदळलं. समोरच्या दुकानातला माणूस धावत आला. मी जीव मुठीत धरून आतल्या बोलण्यांची वाट बघत राहिलो. आतून चकार शब्द नाही. डोकावून बघितलं तर ही शांत झोपलेली. मला काय वाटावं? बरं झालं, आता हातोडी मारायला हरकत नाही, असं वाटलं. असा मी.

मग हळूहळू एकेक ध्यानात येत गेलं. मुलाचा फोन रविवारी येतो, तो दूर असतो. आधी फोनवरून हिला उठवावं लागायचं, हल्ली ती फोन माझ्या हातात देऊन "तुम्हीच बोला, मला काम आहे" म्हणायला लागली. मी स्वयंपाकघरातून काही विचारलं तर "समोर येऊन बोलायला पाय दुखतात का?" म्हणायची. मला वाटलं, वयाप्रमाणे तोरा वाढतोय. कानांचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

ते मला कळलं वसतिगृहातच. तिथल्या शिवणवर्गाची मशीनं बिघडली होती आणि हिने मोठ्या बाईंना माझं नाव सुचवलं. मी गेलो त्या दिवशी ही काही सामान लावायला दिवसाही थांबली होती. मला बघताच सगळ्या पोरी एका तळव्यावर दुसऱ्या हाताची मूठ आपटून हसायला लागल्या. ते माझं नाव होतं. ठोक्या. हिने माझ्या हातोडीच्या तक्रारी इतकी वर्षं तिथे सांगितल्या होत्या आणि पोरींनी माझं बारसं उरकून टाकलं होतं.

त्यात एक सोळा-सतरा वर्षांची होती. तिचं नाव वेणी, कारण ते नाव घेताना खांद्यावरची वेणी ओढल्यासारखं करायचं. शिवणाच्या बाई तिच्यावर चिडलेल्या होत्या. मला म्हणाल्या, "ही आमची सगळ्यात हुशार मुलगी. परीक्षा तोंडावर आलीय आणि वर्गात डुलक्या काढते." वेणी माझ्याकडे टक लावून बघत होती. मधल्या सुट्टीत तिने माझी बाही धरली आणि मला जेवणघरात नेलं. तिथे ही आमच्याकडे पाठ करून डबे पुसत होती आणि स्वयंपाक करणाऱ्या मावशी कांदा चिरत होत्या. वेणीने मला दारातच उभं केलं. मांडणीवरचं एक स्टीलचं ताट उचललं आणि माझ्याकडे बघत बघत हातातून सोडून दिलं.

मावशींची मान गर्रकन वळली. मी दचकून मागे सरलो. ही डबे पुसत राहिली.

वेणीने आधी मावशींकडे बोट केलं, मग माझ्याकडे, मग हिच्याकडे. त्या पोरींना आवाज कळत नाही, पण आवाज झाला की ऐकणाऱ्यांच्या माना वळतात हे त्या लहानपणापासून बघत आलेल्या. हिची मान वळत नाही हे त्यांना माझ्याआधी दिसलं होतं. मी नवरा, एका छपराखाली राहणारा, आणि मला ताट पाडून सांगावं लागलं. मला स्वतःची इतकी चीड आली की ते ताट मीच लाथेने उडवलं असतं.

मग वेणीने मला वर नेऊन लहान मुलींची खोली दाखवली. तिथे नवीनच आलेली एक सहा वर्षांची पोर होती, चिमणी. वेणीने स्वतःची खाट तिच्या खाटेला चिकटवून घेतली होती. तिने आडवं होऊन चिमणीच्या खाटेच्या लोखंडी दांड्यावर तळवा ठेवला, दांडा हलवला, दचकून उठल्याचं सोंग केलं आणि रडणाऱ्या पोरीला थोपटल्यासारखं केलं. म्हणजे चिमणी रडली की खाट हलते आणि वेणीला जाग येते. माझ्या बायकोची नोकरी रात्री ही पोर करत होती, परीक्षेचं वर्ष असताना.

घरी आल्यावर मी सरळ विषयाला हात घातला. आधी ती उडवून लावायला बघत होती. मग म्हणाली, "ओरडता कशाला?"

"म्हणजे ऐकू येतंय तर."

"ऐकू नाही येत. गळ्याच्या शिरा दिसतायत."

डॉक्टरकडे ती माझ्या नकळत जाऊन आली होती. आतली नस सुकत चाललीय, आणखी कमी होणार, परत यायचं नाही. कानात घालायचं यंत्र घेतलं होतं तेही कपाटात साड्यांखाली. ते लावलं की नुसती खरखर ऐकू येते, बाकी काही कळत नाही, म्हणाली.

मी म्हटलं, "मग सांगून टाक आणि घरी बस. माझं दुकान आहे, आपण उपाशी नाही मरत."

"पैशाचं कोण बोलतंय?" तिचा आवाज चढला, किती चढला ते तिलाच कळलं नसावं. "तिथे माझे दोन्ही कान गेले तरी माझं बोलणं अडत नाही. सगळ्या मला कळतात, मी सगळ्यांना कळते. इथे कुणाशी बोलू? तुमच्याशी? तुम्ही पाठ करून मशीनमध्ये डोकं घालता आणि तिथून बोलता. मी काय करायचं, भिंतीकडे बघत बसायचं?"

इतकी वर्षं मला वाटत होतं ही कामाला जाते आणि बोलायला घरी येते. मी रागाच्या भरात वेणीचं सांगून टाकलं. ते ऐकून, म्हणजे माझ्या ओठांवर बघून, ती खाली बसली. नव्या पोरीला सोबत म्हणून वेणी तिथे झोपते, असंच तिला वाटत होतं.

त्या रात्री जाऊन तिने वेणीला तिच्या खोलीत परत पाठवलं. पोरगी हटून बसली होती म्हणे, पण हिने ऐकलं नाही. "माझं ओझं तिच्या डोक्यावर नको. मी रात्रभर फेऱ्या मारीन, डोळे आहेत की अजून." मुलींची परीक्षा होईपर्यंत थांबते, मग मोठ्या बाईंना सांगते, असा शब्द तिने मला दिला. आणि मी तो घेतला. मला तेव्हाच ठाम नाही म्हणता आलं असतं. पण एवढ्या काकुळतीने तिने आजवर काही मागितलं नव्हतं.

पुढे रोज सकाळी ती पाय सुजवून यायची. खुर्चीत बसतच नसे, खाटा बघत फिरत राहायची. मी विचारायचो, "ठीक?" ती मान हलवायची. मी रात्री झोपेतून उठून बसायचो. त्या मजल्यावर आता एकही कान नाही हे जगात मला आणि हिला ठाऊक, आणि काही पोरींना, ज्या कुणाला सांगू शकत नव्हत्या. किंवा शकत होत्या आणि सांगत नव्हत्या.

मग एका सकाळी ती वेळेवर आलीच नाही. दुकान उघडून मी दारात उभा राहिलो. शेवटी मावशींना फोन लावला तेव्हा त्यांच्याकडून सगळं कळलं.

चिमणीचं रात्री पोट बिघडलं होतं. ती उठून शेवटच्या न्हाणीघरात गेली, आतून कडी लावली आणि कडी अडकली. खाटेवर उशी आणि पांघरूण असं फुगलेलं राहिलं की येताजाता बघणाऱ्याला पोर झोपलेलीच वाटावी. ती आत ओरडत होती, दारावर मुठी मारत होती. ही त्या दारासमोरून फेरी मारून जात होती. परत येत होती. परत जात होती. पहाटे मावशी जिना चढायला लागल्या तेव्हा त्यांना खालूनच ते ऐकू आलं. दार तोडलं तेव्हा चिमणीचा आवाज बसला होता आणि मुठी सुजल्या होत्या. बाकी काही झालं नाही. बाकी काही झालं नाही, असं मावशी मला तीन-तीनदा सांगत होत्या.

हिने चिमणीला कुशीत घेतलं, ती झोपल्यावर तोंडही न धुता मोठ्या बाईंच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. वेणीचं नाव तेवढं वगळलं. मोठ्या बाई वाईट नाहीत. त्या रडल्या म्हणे. पण रात्रीच्या माणसाला ऐकू यायलाच हवं, आणि दिवसाची जागा रिकामी नाही. दुपारी ही घरी आली, पिशवी खुंटीला लावली आणि म्हणाली, "संपलं."

त्यानंतरचे दिवस मी कुणाच्या वाट्याला येऊ नयेत म्हणतो. रात्री ती घरी, आणि रात्री तिला झोप येत नाही. दिवसा मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला, पण तिचं ऐकणं आणखी उतरलं होतं, ओठ बघूनही निम्मंच कळायचं. मग कापडावर खूण करायच्या खडूने मेजावर लिहायला लागलो. 'जेवलीस का', 'भाजी आणू का', यापलीकडे खडू चालत नाही. भांडणसुद्धा होईना. आमच्यासारख्यांना भांडणावाचून चैन पडत नाही, पण खडूने भांडणार कसं? ती खिडकीशी बसून राहायची. मला तिची भीती वाटायला लागली, खरंच सांगतो.

एका रविवारी वेणी आली, परीक्षा संपल्यावर, मोठ्या बाईंची परवानगी काढून. सोबत चिमणी. चिमणी दारातूनच धावली आणि हिच्या मांडीवर चढून बसली. मग तिघींचे हात सुरू झाले. ही हसली. कितीतरी दिवसांनी मी तिचे दात बघितले. मी माझ्याच घरात पाहुण्यासारखा पाण्याचे पेले घेऊन उभा. कशावर हसतायत ते कळेना, मध्येच मूठ आपटलेली दिसली म्हणजे माझाच उद्धार चाललाय एवढं समजलं.

त्या निघाल्या तेव्हा मी चपला घालून दोघींना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो. तिथे दिव्याच्या खांबाखाली मी वेणीला थांबवलं आणि खुणा करकरून कसंतरी विचारलं, मला शिकव. ती आधी पोट धरून हसली. मग शिकवायला लागली. माझी बोटं स्क्रू पिळून पिळून जाड झालीयत, वळत नाहीत. चिमणी माझी बोटं धरून वाकवत होती, तिच्या मुठींवरचे डाग अजून गेले नव्हते. बराच वेळ घालवून मला तीन शब्द आले. मी, उद्या आणि चहा.

रात्री ही नेहमीप्रमाणे उठली आणि दिवा घालवायला बटणाकडे हात नेला. मी तिचा हात धरला. तिला वाटलं मला काही दुखतंय. मी मान हलवली आणि तिला समोर बसवलं. मला तिला पुष्कळ सांगायचं होतं. तू भिंतीकडे बघत बसू नकोस, मी आहे, माझं चुकलं, असं सगळं घशाशी आलं होतं. पण हातात होते ते तीनच शब्द. मी केले. उद्या. चहा. मी.

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरले आणि तिने माझी दोन बोटं धरून सरळ केली. चहा असा नाही, असा. मी परत केलं. परत चुकलं. तिने कपाळाला हात लावला आणि मला पुढचा शब्द दाखवला.

सकाळी मी चहा करत होतो, साखर सापडत नव्हती. शेजारच्या वहिनी दारातून डोकावल्या. "काय हो, रात्रभर तुमच्याकडे दिवा होता. आवाज तर काही आला नाही. कुणी आजारी आहे का?"

"नाही," मी म्हटलं, "आम्ही बोलत बसलो होतो."