झुंबरबाईचा साकव

कोडोलीच्या पुढं दोन मैलांवर एक ओढा लागतो आणि ओढ्यापलीकडं चाळीस उंबऱ्यांची पल्याडवाडी. या वाडीत झुंबरबाई राहायची. नवरा ऐन तरुणपणी गेला, दोन्ही लेकी नांदायला गेल्या आणि घरात उरल्या तीन म्हशी. बाई बोलायला तिखट. तलाठी असो नाहीतर सरपंच, कुणाची भीडभाड ठेवायची नाही. पण दारात पावणा आला की हीच बाई लोण्यासारखी मऊ व्हायची. पावणा उपाशी गेला तर तिला आठ दिवस झोप लागायची नाही.

तिचं सगळं दुखणं त्या ओढ्यात होतं. दूध संघाची गाडी सकाळी सातला अलीकडच्या काठावर यायची आणि कुणासाठी थांबायची नाही. आषाढ लागला की ओढा छातीला लागायचा. त्याहून चढला की दूध घरात. पूर आलाय हे म्हशींना कोण सांगणार? त्या आपल्या वेळेवर पान्हा सोडायच्या. सत्त्याहत्तर सालच्या श्रावणात लागोपाठ नऊ दिवस तिने कासंडी भरभरून दूध ओढ्यात ओतलं. नवव्या दिवशी काठावर बसून पोटभर रडली आणि पाणी उतरताच एसटी धरून कोल्हापूरला आमदारांकडे गेली.

आमदार आकारामतात्या राजारामपुरीत राहायचे. सकाळी पायरीवर बसून राखुंडीने दात घासत गाऱ्हाणी ऐकायची त्यांची रीत. तोंड भरलेलं असल्यामुळे मध्ये बोलता यायचं नाही, आणि लोकांना वाटायचं, माणूस काय मन लावून ऐकतोय.

"तात्या, आमच्या ओढ्यावर साकव पायजे," झुंबरबाई म्हणाली.

तात्यांनी चूळ भरली. "बघू की, आक्का."

"बघायचा ओढा तितं हाय. हितं बसून काय दिसणार?"

तात्या हसले आणि तिथंच फसले. पुढं वर्षभर दर महिन्याला ही बाई पायरीवर हजर. तात्याही चिवट निघाले. मुंबईला गेले की मंत्र्यांच्या दालनाबाहेर बाकावर ठाण मांडायचे, अधिकाऱ्यांच्या मागं लागायचे. सभागृहात तर या ओढ्यावर असं काही बोलले की एका सभासदाला तो कृष्णेएवढा वाटला. शेवटी चक्र फिरलं. अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीनंतर त्यांनी वाडीला निरोप धाडला: पैसे मिळतायत. फक्त इंजिनिअर हुपरीकरसाहेब जागा बघून शेरा लिहितील. शेरा चांगला आला की साकव आलाच.

निरोप आला आणि वाडीत धांदल उडाली. सरकारी जीप वाडीत यायची ही पहिलीच वेळ. ओढ्यात तेव्हा गुडघाभर पाणी आणि दोन्ही काठांना गाडीचं चाक गिळणारा चिखल.

"पावणं काय चिखलातनं येणार व्हय? लाज जाईल की गावाची," झुंबरबाई कडाडली.

झालं. तिच्या एका शब्दावर सगळी वाडी कामाला लागली. गड्यांनी ओढ्यात मोठे दगड बसवले, वर गाड्याच्या गाड्या मुरूम ओतला. बायकांनी तो चोपून काढला. पाणी बाजूनं वळवलं. तीन दिवसांत असा रस्ता झाला की त्यावर जेवायला बसावं. दोन्ही बाजूंना केळीचे खुंट उभे राहिले आणि एक बोकड कामी आला.

हुपरीकरसाहेबांची जीप सुळकन ओढा ओलांडून आली. टायरसुद्धा भिजला नाही. साहेब तांबड्या रश्श्यावर घाम पुसत जेवले आणि वाढणाऱ्या झुंबरबाईला त्यांनी विचारलं, "पावसाळ्यात फार अडचण होत असेल ना, बाई?"

आता जेवणाऱ्या पावण्यापुढं रडगाणं गायचं, ही कुठली रीत?

"कसली अडचण, सायब? तुमी पांढरा घ्या की अजून," ती म्हणाली.

साहेब तृप्त होऊन गेले. प्रामाणिक माणूस. जे पाहिलं आणि ऐकलं तेच त्यांनी लिहिलं: ओढ्यावर पक्का मार्ग आहे. वाहतूक सुरळीत आहे. ग्रामस्थांची तक्रार नाही. साकवाची गरज दिसत नाही.

तात्यांनी तो शेरा झुंबरबाईला वाचून दाखवला तेव्हा त्यांना हसावं की रडावं कळेना. "आक्का, मी मुंबईत वर्षभर घसा फोडला आणि तू तीन दिवसांत रस्ता करून मोकळी झालीस व्हय?"

वाडीचा घास झुंबरबाईच्याच हातानं मातीत गेला होता आणि ते तिला फार लागलं.

तात्यांनी हातापाया पडून पुन्हा पाहणी ठरवली, या खेपेला ऐन आषाढात. वर बजावलं, "यंदा मान न्हाय, पान न्हाय. कुणी काठावरनं हलायचं न्हाय. ही शेवटची पाळी हाय. पैसा दुसऱ्या गावाला गेला तर परत यायचा न्हाय."

पाहणीच्या दिवशी पाऊस कोसळत होता. मुरमाचा रस्ता कधीच वाहून गेला होता. पलीकडच्या काठावर सगळी वाडी हाताची घडी घालून उभी. अलीकडं छत्रीखाली साहेब आणि तात्या. साहेबांनी लाल पाण्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं.

"पाणी आहे खरं," ते म्हणाले. "पण चार दिवसांत ओसरेल. आधी इथूनच जीप नेली होती मी. चला, निघू."

हे शब्द पाण्याच्या आवाजात पलीकडं पोचले नाहीत. झुंबरबाईला दिसलं एवढंच, की साहेब पाठ फिरवतायत. दुपारचे दोन वाजलेले. पावणा वेशीवरून उपाशी चाललेला. तात्यांची ताकीद, साकव, सगळं तिच्या डोक्यातून उडालं. ती घरात पळाली, भाकरी-कालवणाचं डबडं फडक्यात बांधून डोक्यावर घेतलं आणि कासोटा मारून पाण्यात शिरली.

काठावर ओरडा झाला. तात्यांनी छत्री टाकली. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. एकदा पाय सटकला आणि ती खांद्यापर्यंत गेली, पण डोक्यावरचा हात सुटला नाही. साहेब जागच्या जागी थिजले. ती निथळत वर आली आणि तिनं डबडं त्यांच्यापुढं धरलं.

"उपाशी नका जाऊ, सायब. खावा गरम हाय तवर."

साहेबांनी डबडं दोन्ही हातांनी घेतलं. "बाई, अशा पाण्यातून येता तुम्ही? रोज?"

"रोज असं न्हाय, सायब," झुंबरबाई पदर पिळत साधेपणानं म्हणाली. "रोज डोक्यावर धा लिटर दूध असतंय. आज नुसती भाकरीच हाय की."

साहेब जीपच्या टपाखाली बसून जेवले. मान वर न करता, शेवटच्या घासापर्यंत. मग हात धुतले, कागद काढला आणि जुन्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली.