धोंडे चढायला निघालो तेव्हा

मी आणि माझी मैत्रीण धोंडे चढायचो. या खेळाला इंग्रजीत वेगळं नाव आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं. कॉलेजात असताना दोघी गिर्यारोहणाच्या एका शिबिराला गेलो होतो, आणि तिथल्या कड्यांपेक्षा आम्हाला तळाशी पडलेले घराएवढे सुटे दगडच जास्त आवडले. दोर नको, खिळे नकोत. पायात कॅनव्हासचे बूट, आणि खाली हात पसरून उभी असलेली दुसरी, एवढं पुरायचं. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले, ती बँकेत लागली, तरी थंडीतल्या रविवारी आम्ही पहिल्या एस.टी.ने रामटेककडे जायचो आणि टेकडीच्या मागच्या अंगाला दुपारपर्यंत चढत-उतरत असायचो. शेळ्या चारणाऱ्या एका म्हातारीने बराच वेळ पाहून एकदा विचारलं होतं, पोरींनो, तुमचं वर काय हरवलं?

सत्तरचं दशक सरत आलं होतं. त्या होळीला मैत्रिणीने एक बेत काढला. ती मूळची सावनेरजवळच्या खाप्याची. तिच्या मोठ्या भावाकडे संत्री वाहायचा टेम्पो होता, आणि मे महिन्यात बागांत फळ नसल्यामुळे तो नुसताच उभा असे. तो घेऊन सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया करत पचमढीला जायचं. वाटेत चांगले धोंडे दिसले की मुक्काम. पहाटे चढायचं, ऊन चढलं की झाडाखाली पडायचं. भाऊ गाडी चालवायला तयार होता. त्याला चढण्यात काही रस नव्हता, पण नदीच्या काठी स्वयंपाक करायची त्याला भारी हौस.

अडचण माझ्या घरी होती. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात बाबा आणि मी. बाबा भूमापन खात्यात नकाशे उतरवायचे. आई गेल्यापासून ऑफिस आणि अंगणातली खाट याच्यापलीकडे ते कुठे गेले नव्हते. त्यांना एकटं टाकून पंधरा दिवस फिरायला जायचं, तेही असल्या कामासाठी, हे सांगायचं कसं? शेवटी एका संध्याकाळी पानावर वाढता वाढता मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी आमटी-भात खाल्ला, हात धुतले आणि खाटेवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाटेशी बोलावलं. समोर पांढरा कागद होता आणि त्यावर पेन्सिलीने सातपुड्याचा तेवढा तुकडा आठवणीतून काढलेला होता. नद्या, घाट, चढाच्या रेषा, सगळं. रेषा जिथे जवळजवळ आल्या होत्या, म्हणजे चढ एकदम उभा होता, तिथे बोट ठेवून ते म्हणाले, तुमचे दगड इथं असतील. बावीस-तेवीस वर्षं त्यांनी या डोंगरांच्या रेषा ओढल्या होत्या आणि त्यातला एकही डोंगर पाहिला नव्हता. मग त्यांनी विचारलं, "पण पडली तं?"

मी म्हटलं, खाली मैत्रीण असते ना हात पसरून.

"दाखव."

त्या रविवारी मैत्रीण घरी आली. आम्ही बाबांना समजावलं की पडणाऱ्याला झेलायचं नसतं. पाठीला हात लावून त्याला नीट पायांवर उतरवायचं, डोकं आपटू द्यायचं नाही, एवढंच. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, मी उभा राहतो. मी पाण्याच्या टाक्याच्या भिंतीवर चढले आणि उडी टाकली. बाबा चटकन दोन पावलं मागे सरकले आणि मी एकटीच मातीत बसले. मैत्रिणीला हसू आवरेना. बाबांना मात्र फार वाईट वाटलं. पुन्हा चढ म्हणाले. दुसऱ्या खेपेला ते डोळे मिटून, पण जागेवर उभे राहिले. तिसऱ्या खेपेला त्यांचे दोन्ही हात माझ्या पाठीला बरोबर लागले. त्यानंतर रोज ऑफिसातून आल्यावर चहाच्या आधी हा सराव असायचा. शेजारणी कुंपणाशी येऊन बघायच्या.

मग गादीचं निघालं. खाली काहीतरी मऊ हवं असं बाबांनीच ठरवलं. पेटीवर आईच्या दोन गाद्या घडी करून ठेवलेल्या होत्या, त्यांना दोन वर्षांत कुणी हात लावला नव्हता. बाबांनी पिंजाऱ्याला बोलावलं आणि दोन्हींचा कापूस पिंजून, जाड मांजरपाटाची खोळ घालून एकच वीतभर जाडीची गादी करवून घेतली. मी काही बोलणार तेवढ्यात ते म्हणाले, "पडून पडून गोळे होऊन राहिले होते त्याचे. बरं झालं." दिवसभर अंगणात कापूस उडत होता. संध्याकाळी बाबांच्या केसांत, भुवयांत, सगळीकडे कापूस होता, आणि ते त्या नव्या गादीवर चढून उड्या मारून पाहत होते.

एवढं झाल्यावर मैत्रिणीने त्यांना सरळच विचारलं, "काकाजी, तुम्ही येऊन राहिले ना मग?" बाबांनी रजेचं कारण सांगितलं. पण रजा तर त्यांनी कधी घेतलीच नव्हती, ती साचून पडलेली होती. दोन दिवस विचार करून त्यांनी अर्ज दिला.

बातमी मौद्याच्या आत्यापर्यंत पोचली आणि ती दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने हजर झाली. लग्नाची मुलगी, हातपाय मोडला तर कोण करेल, लोक काय म्हणतील, असं सगळं तिने चहा निवेपर्यंत ऐकवलं. शेवटी बाबांकडे वळून म्हणाली, "तू बाप असून तिले दगडावर चढवून राहिला काय गा?"

"मी खाली उभा राहतो ना," बाबा शांतपणे म्हणाले.

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. आई गेल्यानंतर त्यांनी आत्याशी इतक्या ठामपणे काही बोललेलं मी पाहिलं नव्हतं. जाताना तिने डबाभर शंकरपाळे वाटेसाठी दिले, आणि ते वर्षभराच्या पापडांसारखे जपून ठेवू नका, खा, असंही बजावलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात आम्ही निघालो. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही मागे गादीवर. सौंसर मागे पडलं, घाट लागला, तेव्हा बाबा सारखे मान बाहेर काढून बघत होते आणि भावाला पुढचं वळण आधीच सांगत होते. दोनदा त्यांचा अंदाज चुकला. तेव्हा ते लहान मुलासारखे खूश झाले.

तामियाच्या अलीकडे रस्त्यापासून थोडं आत चांगले धोंडे सापडले. पहाटे गार वारा होता. मी निवडलेला धोंडा दीड पुरुष उंच, वरची कड गोल आणि गुळगुळीत. कडेवर हात टाकला, तो घसरला आणि मी खाली आले. पाठीला बाबांचे दोन हात लागले, मग आम्ही दोघंही गादीवर बसलेले.

"लागलं काय?"

मी नाही म्हटलं.

"मंग जा ना परत."

मी परत गेले. या वेळी उजवा पाय जरा वर ठेवला आणि कड पार केली. वर बसून खाली पाहिलं तर बाबा आता माझ्याकडे बघत नव्हते. मी सुखरूप आहे याची खात्री झाल्यावर ते पाठ फिरवून दरीकडे तोंड करून उभे होते, हात मागे बांधून. बराच वेळ तसेच. मी त्यांना हाक मारली नाही.

पचमढीला पोचेपर्यंत त्यांचा रंग रापला होता आणि भाऊ व ते मिळून वांग्याचं भरीत कसं करावं यावर वाद घालू लागले होते. परतायची वेळ आली तेव्हा बाबाच म्हणाले, आणखी चार दिवस राहू. रजा वाढवायला तार करायची ठरली. भावाने सुचवलं, ताप आला म्हणून लिहा, सगळे तसंच लिहितात. बाबांनी पोस्टाच्या खिडकीशी पेन हातात घेतलं.

"ताप आला नाही तं लिहू कसा?" ते म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं: प्रकृती उत्तम, रजा वाढवावी.

खिडकीमागच्या बाबूने ते दोनदा वाचलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. बाहेर भाऊ टेम्पोत पाणी भरत होता, मैत्रीण गादी उन्हात टपावर पसरत होती. ऑफिसात त्या तारेवर काय झालं ते पुढे कळलंच. बरंच हसू झालं, पण रजा मिळाली.