चिठ्ठीत सुनेचं नाव

गावोगाव रक्त गोळा करत फिरलं की किस्से शोधावे लागत नाहीत, चहासोबत मिळतात. देशात किती जणांच्या अंगात 'ब' कावीळ लपून बसलीय, याचा सर्व्हे होता. कोणाचं रक्त घ्यायचं ते चिठ्ठीनं ठरायचं. मी लॅबवाली अन् ड्रायव्हर दिनूभाऊ, खामगावहून निघायचो. तेव्हा लय हसलो. आता तेवढं हसू येत नाही.

*

पिंपळगाव राजाला एका पुढाऱ्याचं नाव चिठ्ठीत नव्हतं. गडी गाडीसमोरच उभा. "गावात पयला मान आमचा असते."

दिनूभाऊ म्हणाला, "साहेब, तुमचं रक्त राखीव ठेवलं हाय."

तेव्हा कुठं रस्ता मिळाला.

*

एक रिटायर मास्तर. "माह्ये डोये पाहा, पांढरे हायेत. मले कायची कावीळ?"

"सर, ही डोळ्यांत दिसेलच असं नाही. वर्षानुवर्षं अंगात गपचूप राहते."

"मंग राहू द्या ना तिले गपचूप."

अन् दार लावून घेतलं. दिनूभाऊ हसून हसून बेजार. मला मात्र ते दार अजून आठवतं.

*

एका घरी नाव मोठ्या भावाचं, खुर्चीत धाकटा. विचारलं तर म्हणे, "दादा वावरात हाय. माह्यंच घ्या, एकाच मायचे हाव आम्ही."

लग्नाला, मौतीला घरातलं एक माणूस सगळ्यांच्या वतीनं जातं. रक्ताचंही तसंच असेल, असं त्यांना खरंच वाटायचं.

*

रोहिणखेडकडे एका घरात सासू, सून अन् माहेरी आलेली लेक. चिठ्ठीत सुनेचं नाव. तिला नुकतेच दिवस राहिलेले.

"हिची माय काविळीनंच गेली. पण पोटुशीचं रक्त काढत नसतात, बाई," सासू म्हणाली.

मी जीव तोडून सांगितलं, "म्हणूनच घ्यायचं. आईच्या अंगात असलं तर बाळाला जन्मल्याबरोबर वेगळं इंजेक्शन द्यावं लागतं."

सासू आत गेली. बऱ्याच वेळानं पोरीला घेऊन आली. नाकापर्यंत पदर, तोंडातून शब्द नाही. मी रक्त घेतलं.

रिपोर्ट यायला फार उशीर झाला, पण चांगला आला. एवढी गोड बातमी, म्हणून स्वतः सांगायला गेले. घरात पाळणा बांधलेला. सासूनं हातावर पेढा ठेवला. "म्हटलं नोतं? काई नाई आमच्या सुनेले."

तेवढ्यात बाळाला खांद्यावर घेऊन सून बाहेर आली. हा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होते.

"ताई," ती हळूच म्हणाली, "आता तरी माह्यं रक्त घेता का?"