माडीच्या मुलखातून मुरूडपर्यंत पायी

ग्रंथालयातल्या एका मासिकात वाचलं की परदेशात लोक द्राक्षांच्या मळ्यांतून चार-चार दिवस पायी हिंडतात. सोबत वाटाड्या नाही, फक्त नकाशा. बॅग गाडीने पुढच्या मुक्कामी जाते आणि माणूस वाइन चाखत मागून चालत पोचतो. याचे ते पैसे मोजतात. आमच्याकडे याला एसटी चुकणं म्हणतात.

मी पेणची. द्राक्षं आमच्याकडे हातगाडीवर येतात. पण अलिबागच्या पुढे मुरूडपर्यंत नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत आणि माडांची माडी आहे. आमचे हे पंपांचे मेकॅनिक. त्या वाड्यांतले विहिरींवरचे पंप दुरुस्त करायला तीस वर्षं जात होते. "एकदा तुलाही नेतो," म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी गेले ते एकटेच.

मुलगा मंदार नेरुळला असतो. त्याचं म्हणणं, मला एकटीला जमणार नाही, तेव्हा घर भाड्याने देऊन त्याच्याकडे राहावं. भांडून भांडून ठरलं: अलिबाग ते मुरूड, चार दिवस, पायी. एकदा जरी गाडीत बसले तर मुकाट नेरुळ.

"आई, तू चौलसुद्धा गाठणार नाहीस," असं म्हणून त्याने रविवारी भाडेकरूंना घर बघायला बोलावूनही ठेवलं. मुलाचा आईवर विश्वास असावा तर असा.

बुधवारी सकाळी अलिबागहून निघाले. बॅग एका सहा आसनी रिक्षावाल्याकडे दिली. पन्नाशीचा, पान खाणारा माणूस. तो रोज मुरूडपर्यंत फेऱ्या मारतो, बॅग मुक्कामाच्या घरी टाकतो म्हणाला. पहिल्याच दिवशी ती सुक्या बोंबलांच्या टोपलीखालून आली. मासिकात हा वास छापलेला नव्हता.

पहिला मुक्काम नागाव, जेमतेम नऊ-दहा किलोमीटर. रस्त्याला पादचारी नावाचा प्राणी माहीत नाही. पुण्याच्या गाड्या अशा हॉर्न वाजवतात, जणू मीच त्यांच्या समुद्रावर अतिक्रमण केलंय. आतल्या वाटेने वाड्यांमधून गेलात तर मात्र दुपारीही ऊन लागत नाही. खोली हजार रुपये, जेवण वेगळं.

तिथे एक माडी काढणारे नुकतेच माडावरून उतरले होते. कमरेला कोयती, हातात मडकं.

"नीरा आहे का हो?" मी सभ्य बाईसारखं विचारलं.

"नीरा न्हाय, माडी हाय. घरी कोनासाठी नेताय?"

"मलाच हवीये."

त्यांनी माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं, मग बायकोला हाक मारली, "अगो, बाहेर ये! मावशींना पेला दे. धुतलेला दे!"

वाइनमध्ये म्हणे जाणकारांना ओल्या दगडाची चव लागते. मला माडीत शहाळं लागलं आणि मागून थोडं आंबट ताक. दुसरा पेला मागितला नाही. त्यांनी तो भरला, हा त्यांचा दोष.

गुरुवारी चौलवरून रेवदंडा. चौल गाठल्यावर देवळाच्या पायरीवर बसून मंदारला फोटो पाठवला. 

शुक्रवारी सकाळी रेवदंड्यात बाटलीभर ताजी माडी घेतली, मुरूडला पोचल्यावर प्यायची म्हणून. देणाऱ्या बाईने बाटलीच्या तोंडात केळीच्या पानाचा बोळा सैलसा कोंबला. मला स्वच्छतेचं वेड. वळणावर जाऊन बोळा फेकला, झाकण गच्च पिळलं, बाटली बॅगेत घातली आणि बॅग रिक्षात. मग साळावचा पूल, कोर्लई, आणि पायांना फोड येईपर्यंत काशीद.

काशीदला रिक्षावाला माझी वाटच बघत उभा होता.

"काकू, बॅगेत बाँब ठेवलावता काय? बोर्लीच्या अलीकडं फाट्कन उडला! पूजेला चाललेल्या भटजींचं सोवळं भिजलं. ते उतरून चालत गेले!"

"झाकण घट्ट लावलं होतं हो मी."

"म्हनूनच! माडी आंबते, आत वारा धरतो, त्याला भाईर पडाया जागा लागते. पोरासोरांना म्हाईत हाय. उद्या तुमची बॅग तुम्ही न्या."

खोलीत माडीने भिजलेली लुगडी पिळत बसले. आमचे हे प्रत्येक खेपेला माडीची एक बाटली आणायचे, तोंडाला बोळा, पिशवीभर वास. तीस वर्षं मी ओरडत आले, "साधं झाकण लावता येत नाही!" आणि ते हसून म्हणायचे, "नाही येत." एकदा तरी कारण सांगायचं ना! पंप कसा बिघडतो हे तासभर सांगायचे. मी ऐकून घेतलं नसतं, हेही खरं.

शनिवारी बॅग खांद्यावर. अठरा किलोमीटर, सुरुवातीलाच चढ. नांदगावला उजवा गुडघा आखडला. मी रस्त्याकडेला दगडावर टेकले, तेवढ्यात तोच रिक्षावाला थांबला.

"बसा काकू. कोनाला सांगत न्हाय."

आत एक जागा रिकामी होती. इतकी सुंदर जागा मी आयुष्यात पाहिलेली नाही.

"नको."

"मंग बॅग तरी द्या." घेतली, हुंगली. "आज काय हाय आत?"

"पुस्तक."

"ते फुटत न्हाय ना?"

मुरूडला पोचायला संध्याकाळचे पाच वाजले. मंदार स्टँडवर गाडी लावून उभा होता. मला लंगडत येताना पाहून पुढे धावला, मग थांबला आणि मला शेवटची शंभर पावलं एकटीने चालू दिली.

रविवारी पेणला भाडेकरू आले, मोजपट्टी घेऊन. "खोल्या कधी रिकाम्या होतील?"

"होणार नाहीत," मंदार म्हणाला. "माझी आई राहते इथे. अलिबागहून मुरूडला चालत जाते ती." जणू मी रोजच जाते.

जेवून तो नेरुळला गेला.

तुम्हाला जायचं असेल तर डिसेंबरात जा, शनिवार-रविवार टाळा, आणि बोळ्याला हात लावू नका. चालणं जमतं. दार उघडून आत आल्यावर "आले हो" हे कोणाला सांगायचं, ते मला अजून जमलेलं नाही.